गाज कुठे कापली गेली: आवाजाच्या फाइलचा वरचा काठ कसा वाचायचा

जत्रेतल्या दहीकाल्याचं एक जुनं रेकॉर्डिंग मागच्या वर्षी माझ्या हातात आलं. फाइल फ्लॅक होती, म्हणजे नावापुरतं तरी काहीच न गमावलेली. पेटी ठीक, पखवाज ठीक, पण झांज वाजली की पत्र्यावर ओली वाळू सांडल्यासारखा आवाज. शेजारी बसलेल्या चुलत्यांनी एवढंच विचारलं, "झांजेचो आवाज असो कित्याक येता रे?"

मी स्पेक्ट्रोग्राम उघडला, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे हे दाखवणारं चित्र. १६ किलोहर्ट्झला सरळसोट भिंत, वर काळोख. मी छातीठोकपणे सांगून मोकळा झालो की ही एमपीथ्रीवरून केलेली खोटी फ्लॅक आहे. हा निकाल साफ चुकला. का चुकला ते पुढे येईलच, कारण ही चूक नवशिक्यापेक्षा थोडं शिकलेला माणूसच जास्त करतो.

एक खुलासा आधीच करतो. साउंडवाल्याच्या रॅकमध्ये असतो तो कंप्रेसर वेगळा. तो मोठा आवाज दाबतो. इथे बोलतोय ते फाइल लहान करणाऱ्या कंप्रेशनबद्दल.

भिंत येते कुठून

सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. जेवढे नमुने, त्याच्या निम्म्यापर्यंतचीच फ्रिक्वेन्सी टिपता येते. म्हणून सीडीचं छप्पर २२.०५ किलोहर्ट्झ. माणसाचा कान तरुणपणी जेमतेम २० पर्यंत पोचतो आणि वय वाढेल तसा वरून झिजत येतो. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज सेकंदाला १४११ किलोबिट खातो, १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिटची) एमपीथ्री त्याच्या अकराव्या हिश्शात बसते. मग दहा हिस्से टाकायचे कुठून? जिथे कान मंद आहे तिथून. मोठ्या आवाजाच्या सावलीत लहान आवाज झाकला जातो, तो टाकला. अगदी वरच्या फ्रिक्वेन्सी ऐकू यायला मुळातच बराच जोर लागतो, त्या टाकल्या.

एमपीथ्रीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, आणि १६ हा आकडा पुन्हा पुन्हा का दिसतो ते तिच्यात दडलंय. १९९३ च्या प्रमाणात ही पद्धत आवाज आधी ३२ पट्ट्यांत आणि मग एकूण ५७६ बारीक रेघांत फोडते. या रेघांचे २१ गट केले आणि प्रत्येक गटाला बारकावा कमीजास्त करण्याची स्वतंत्र किल्ली दिली. साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर जे उरतं त्याला मात्र स्वतंत्र किल्लीच नाही. घरातल्या २१ खोल्यांच्या पंख्यांना वेगवेगळे रेग्युलेटर आहेत, पण पडवीतल्या पंख्याला नाही, अशी ही व्यवस्था. पडवीत वारा वाढवायचा तर मेनवरून अख्ख्या घराचा वाढवावा लागणार आणि बिल चढणार. म्हणून हात आखडता असलेला एन्कोडर, म्हणजे फाइल लहान करणारा प्रोग्रॅम, पडवीच बंद करतो. तीच ती १६ ची भिंत.

आधी स्वतःची गाज पकडा

दुसऱ्यांच्या फाइली तपासण्याआधी डोळा तयार करावा लागतो. त्यासाठी मूळ काय होतं हे आपल्याला पक्कं ठाऊक असलेला आवाज हवा, आणि तो तळापासून माथ्यापर्यंत सगळीकडे भरलेला हवा. किनाऱ्यावर राहणाऱ्याला असा आवाज फुकट मिळतो. लाट फुटते तेव्हा खालच्या घुमण्यापासून वरच्या फेसाच्या सळसळीपर्यंत सगळं एकदम येतं. गाणं असं नसतं. एकटी पेटी घेतली तर वरची बाजू बरीचशी रिकामीच, तिथे भिंत असली काय आणि नसली काय, दिसणारच नाही.

मोबाइलमध्ये असं रेकॉर्डिंग ॲप घ्या जे वेव्ह, म्हणजे न कापलेल्या आवाजाची फाइल करतं. मोबाइलसोबत आलेली बरीच ॲप मुकाट्याने एएसी या एमपीथ्रीसारख्याच फाइल लहान करणाऱ्या रूपात साठवतात, म्हणजे सुरुवातच कापलेल्या आवाजाने. ॲपमध्ये सोय असेल तर नॉइज सप्रेशन बंद करा. आमच्याकडे मी पुळणीवर पाण्यापासून सात-आठ पावलांवर, सुरूच्या बनाच्या बाजूला पाठ करून बसतो. लांबून घेऊ नका. हवा वरच्या फ्रिक्वेन्सी आधी खाते, त्यामुळे घराच्या खळ्यातून घेतलेली गाज म्हणजे नुसता घुमारा असतो. वारा थेट माइकवर आला तर चित्राच्या तळाशी लाल चिखल होतो. अंगावरचा पंचा मोबाइलभोवती सैल धरा, जाड नको, नाहीतर फेसच अडकेल. दोन मिनिटं पुरे. पावसाळ्यात जाता येत नसेल तर पन्हळीचं पाणी जोरात पडत असताना पडवीतून घेतलेला आवाजही चालतो.

हे करायचंच नसेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये 'जनरेट' मेनूत व्हाइट नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या असलेली सरसर) आहे, दहा सेकंदांची घ्या. गणिताच्या दृष्टीने तीच जास्त चोख. पण खऱ्या आवाजावर शिकलेला डोळा खऱ्या फाइलींवर चालतो, असा माझा अनुभव आहे.

चित्र पाहायचं कसं

दोन फुकट साधनं पुरतात. स्पेक हे छोटंसं ॲप, त्यात फाइल ओढून टाकली की अख्ख्या फाइलचं चित्र समोर येतं: आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, रंग म्हणजे जोर. पहिल्या नजरेला तेच बरं. जवळून पाहायला ऑडॅसिटी. ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडा आणि लगेच त्याच्या सेटिंगमध्ये जा, कारण मूळ सेटिंग आपल्या कामाचं नसतं. स्केल 'मेल' असतं ते 'लिनिअर' करा. मेलमध्ये वरचा भाग चेपला जातो आणि आपल्याला पाहायचा नेमका तोच. कमाल फ्रिक्वेन्सी २२,०५० करा, फाइल ४८ हजारांची असेल तर २४,०००. हे न करता 'माझी सगळी गाणी २० ला कापलीत' म्हणणारे लोक भेटलेत मला. ते चित्रच २० पर्यंतचं असतं! विंडो साइज (एका वेळी किती नमुने पाहायचे तो आकडा) २०४८ पासून सुरू करा.

तिसरं साधन मीडियाइन्फो. ते आवाज पाहत नाही, फाइलच्या पोटातला मजकूर वाचतं. लेम या एन्कोडरने केलेल्या एमपीथ्रीत बहुधा एन्कोडरची आवृत्ती आणि कधी कधी लोपास (वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारी चाळणी) किती किलोहर्ट्झचा लावला हेसुद्धा नोंदलेलं सापडतं. गुन्हेगाराने चिठ्ठी ठेवून जावं तसं. हे वाचायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून तपासाची सुरुवात इथूनच करावी.

आता कापून पाहा

गाजेची वेव्ह फाइल ऑडॅसिटीत उघडा आणि एकेका रूपात एक्स्पोर्ट करा. एमपीथ्री, ऑग व्हॉर्बिस आणि फ्लॅक थेट होतात, एएसीसाठी बहुतेक ठिकाणी एफएफएमपेग लायब्ररी जोडावी लागते. एमपीथ्री करताना 'कॉन्स्टंट' निवडून १२८, १९२, ३२० अशा तीन करा. नावात आकडा लिहा. नंतर आठवत नाही, कितीही वाटलं तरी.

लेमच्या ३.१०० आवृत्तीत ठरलेले लोपास असे आहेत: १२८ ला १७ किलोहर्ट्झ, १६० ला १७.५, १९२ ला १८.६, २५६ ला १९.७ आणि ३२० ला २०.५. जुने एन्कोडर १२८ ला बहुधा १६ वरच थांबत. हे आकडे पाठ करू नका. एन्कोड करणारा माणूस लोपास बदलू शकतो, पूर्ण बंदही करू शकतो. व्हेरिएबल बिटरेटच्या (सेकंदाला लागणारे बिट गरजेप्रमाणे बदलणाऱ्या) एमपीथ्रीत भिंतीऐवजी १६ ला पायरी दिसते: खाली भरगच्च, वर मधूनमधून उगवणारी बेटं. झांज पडली की बेट, थांबली की काळोख. ही पायरी मला भिंतीपेक्षा जास्त बोलकी वाटते. भिंत कोणीही घालू शकतं. बरोबर १६ ला पायरी आणि तिच्यावर बेटं, ही खोड त्या किल्ली नसलेल्या पडवीची.

एएसी १९९७ ची. तिच्यात १६ च्या वरही गटांना किल्ल्या आहेत, त्यामुळे ती पायरी नाही. भिंत असते, पण ती कुठे हे एन्कोडर आणि बिटरेट ठरवतात. १२८ ला १६ किंवा १७ सर्रास दिसतं, आणि तेवढ्यावरून एमपीथ्री की एएसी हे सांगणं अवघड आहे. मी तरी नुसत्या चित्रावरून पैज लावणार नाही.

फसवी आहे ती एचई-एएसी. ४८ किंवा ६४ केबीपीएसची इवलीशी फाइल, आणि स्पेकमध्ये पाहावं तर चित्र १५-१६ च्याही वर गेलेलं! यात वरचा अर्धा भाग साठवलेलाच नसतो. खालच्या भागाची नक्कल वर चिकटवायची आणि कुठे किती जोर द्यायचा एवढीच थोडी माहिती सोबत ठेवायची, असं ते तंत्र आहे. नाव स्पेक्ट्रल बँड रेप्लिकेशन, मीडियाइन्फोत एसबीआर. चित्रात मधेच एक आडवी शिवण दिसते आणि तिच्या वरची वीण खालच्यासारखीच. समुद्रावर हे खपून जातं, कारण फेसाची नक्कल फेसासारखीच दिसते. झांजेवर मात्र पकडलं जातं. धातूची स्वतःची वरची थरथर वेगळी असते, नक्कल केलेली सगळी एकसारखी सळसळते.

ओपस हे २०१२ चं प्रमाण. याचं लक्षण सोपं: फाइल ४८ हजार नमुन्यांची म्हणून उघडते, म्हणजे छप्पर २४ ला, पण आवाज २० ला रेघ ओढल्यासारखा थांबतो. बिटरेट कमी तसा हा काठ ठरलेल्या पायऱ्यांनी उतरतो: २०, १२, ८, ६, ४. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट ओपसच असतात आणि माझ्याकडे आलेल्या बहुतेक ८ च्या आसपास संपतात. बोलायला पुष्कळ झालं, पण त्यात आरती पाठवली तर टाळ गेलाच म्हणायचा. त्याहून खाली जुन्या कीपॅडवाल्या मोबाइलच्या एएमआर फाइली, ४ च्या आत. आजीच्या ओव्या बऱ्याच घरांत अशाच फाइलींत अडकल्यात. त्या तशाच जपा, वर काही आणायला जाऊ नका.

व्हॉर्बिसवर फार वेळ घालवत नाही. चांगल्या दर्जाला तिचा काठ मऊ असतो आणि चित्रावरून ओळखणं कठीण. फ्लॅकचं चित्र वेव्हशी तंतोतंत जुळलं पाहिजे. जुळवून पाहा एकदा, खात्री पटते.

भिंत खोटी साक्ष देते तेव्हा

आता माझ्या चुकीकडे. दहीकाल्याच्या चित्रात १६ ला भिंत होती हे खरं. पण मी जवळ जाऊन पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी झांजेच्या एकेका घावावर झूम केलं तर १० ते १६ च्या पट्ट्यात एकही भोक नाही. कापड घट्ट विणलेलं, फक्त वरून सरळ फाडलेलं. ज्याच्याकडून फाइल आली त्याला मूळ काय होतं विचारलं. मिनीडीव्ही कॅसेट! डीव्ही कॅमेऱ्यात आवाजाचे दोन पर्याय असत: १६ बिट ४८ किलोहर्ट्झ आणि १२ बिट ३२ किलोहर्ट्झ. दुसऱ्यावर कॅमेरा ठेवला की नमुने ३२ हजार, त्याचं निम्मं १६. एमपीथ्रीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. फ्लॅक खरी होती, आणि झांज फुटत होती ती कॅमेऱ्याचा माइक वाजवणाऱ्यांच्या अगदी पुढ्यात ठेवल्याने. चुलत्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मगे तां आधी सांगूक काय झाला?"

असे खोटे साक्षीदार आणखी आहेत. एफएम रेडिओवरून घेतलेला आवाज १५ किलोहर्ट्झलाच संपतो, प्रसारणाचीच ती मर्यादा आहे. कधी त्याच्या वर बरोबर १९ ला बारीक अखंड रेघ दिसते, ती स्टीरिओचा पायलट सूर. ती दिसली की आकाशवाणीवरून कॅसेट किंवा संगणकात उतरवलेलं आहे हे ओळखायचं. मीडियम वेव्हचं तर याहून खूप आधी आटोपतं.

कॅसेटला भिंत नसतेच, उतार असतो. १२-१४ च्या पुढे गाणं विरत जातं आणि फितीची सरसर उरते. कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलला धारदार भिंत दिसली, तर कॅसेटनंतर कुणीतरी ती कापली आहे असं समजायला हरकत नाही.

माझी आवडती खूण मात्र १५,६२५ हर्ट्झची. जुना पेटीसारखा टीव्ही पाल पद्धतीचा. चित्राच्या ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार १५,६२५. टीव्ही चालू असताना त्या खोलीत केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये केसासारखी आडवी रेघ बरोबर तिथे बसते. आमच्या घरच्या गणपतीच्या एका आरतीत ती आहे, आणि मधेच नाहीशी होते. कुणीतरी उठून टीव्ही बंद केला असणार. ही रेघ शाबूत असेल तर निदान तिथपर्यंत फाइल कापलेली नाही हेही कळतं.

भिंतीपेक्षा भोकं पाहा

म्हणून माझा क्रम आता असा आहे. भिंत दिसली की थांबायचं, निकाल द्यायचा नाही. फाइलमधली सगळ्यात भरगच्च जागा शोधायची: झांज, टाळ, शिमग्यातला ताशा, टाळ्या, किंवा गाण्यातला ठसठशीत 'स' नि 'श'. तिथे ऑडॅसिटीत एखाद-दोन सेकंदांवर झूम करून १० किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा पाहायचा. कमी बिटरेटची एमपीथ्री किंवा एएसी असेल तर तिथे लहान लहान चौकोनी काळी भोकं लुकलुकतात, कीड लागलेल्या पानासारखी. बिट संपले की एन्कोडर त्या क्षणी काही गट शून्य करतो, त्याचीच ती. निसर्गात किंवा फितीवर असे चौकोन पडत नाहीत. आवाज साफ करण्याच्या फिल्टरने मात्र पडू शकतात, तेव्हा फाइलवर नॉइज रिडक्शन झालंय का हे विचारून घ्यावं.

दुसरी खूण घावाच्या आधीची. एमपीथ्रीची एक फ्रेम १,१५२ नमुन्यांची, साधारण २६ मिलिसेकंदांची. शांततेत एकदम ताशाची काडी पडली तर चुकीचा खरखराट त्या तुकड्यात मागेपुढे पसरतो, आणि घावाच्या आधीच धूसर सावली दिसते. एन्कोडर अशा वेळी लहान तुकडे वापरून हे टाळायचा प्रयत्न करतात, पण दर वेळी साधत नाही. हे पाहताना विंडो साइज २५६ वर आणा. २०४८ वर ठेवलंत तर चित्र स्वतःच सावली पाडतं आणि तुम्ही निरपराध फाइलला फाशी द्याल.

तिसरी युक्ती स्टीरिओ फाइलींसाठी, थोडी खटपटीची पण मजेशीर. ट्रॅक दोन मोनोंत वेगळा करा, एक 'इन्व्हर्ट' करा, मग दोन्ही मिक्स करा. डाव्या-उजव्यात सारखं आहे ते एकमेकांना मारतं आणि फक्त फरक उरतो. कंजूष एन्कोडर या फरकावर सगळ्यात कमी बिट खर्च करतो, म्हणून एरवी बरी वाटणारी फाइल इथे पाण्याखाली गुळण्या केल्यासारखी बुडबुडते. एकदा ऐकलंत की विसरणार नाही.

या सगळ्याची मर्यादाही ओळखून असा. भोकं सापडली तर फाइल कधीतरी कापली गेली होती असं जवळपास खात्रीने म्हणता येतं. काहीच सापडलं नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. ३२० ची नीट केलेली एमपीथ्री शांत गाण्यात चित्रावर सहज निसटते.

कानाची परीक्षा

डोळ्याने पाहिलेलं कानाला कळतं का, हेही पाहून घ्यावं. ऑडॅसिटीत 'चर्प' म्हणून सोय आहे: ८,००० ते १८,००० हर्ट्झ, वीस सेकंद, ॲम्प्लिट्यूड ०.१. आवाज लहान ठेवून हेडफोनवर ऐका आणि कुठे नाहीसा होतो ते घड्याळावर पाहा. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, कान दुखावेल. माझा १३ च्या जरा पुढे संपला, भाच्याला १७ पर्यंत ऐकू आलं. म्हणजे १६ ची भिंत मला ऐकूच येत नाही. मला खुपतात ती तिच्या खालची भोकं.

साठवताना

कापलेली फाइल फ्लॅकमध्ये बदलल्याने गेलेलं परत येत नाही, फक्त डिस्क भरते आणि पुढच्या माणसाची दिशाभूल होते. एमपीथ्री मिळाली तर एमपीथ्रीच ठेवा. नुसती छाटायची असेल तर एमपीथ्रीडायरेक्टकटसारखं साधन वापरा, ते पुन्हा एन्कोड न करता तुकडा काढतं. नवीन रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये करून फ्लॅकमध्ये जपा. व्हॉट्सॲपवर द्यायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा.

फाइलच्या कॉमेंट टॅगमध्ये उगम लिहा. त्या दहीकाल्याच्या फाइलमध्ये मी आता 'मिनीडीव्ही, १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ, कॅमेऱ्याचा माइक' असं लिहून ठेवलंय. आणि मूळ फीत टाकू नका. आपल्याकडच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, म्हणून मी ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो आणि मृगाच्या आधी पुड्या बदलतो.